दहा दिवस डोकवायचं नाही

१० मार्च, मंगळवार

डॉक्टरीणबाईंनी दंडाला पट्टा बांधला, फुगवला, आकडा बघितला आणि नाक मुरडलं. म्हणाल्या, "गारसाइड आजोबा, औषध वाढवून उपयोग नाही. काळजी कमी करा." मी म्हटलं, "ती कशी?" तर म्हणाल्या, "वहीत लिहीत जा. लिहिलं की डोक्यातून जातं." वहीसुद्धा त्यांनीच दिली. माझी शाळा तेराव्या वर्षी सुटली. अक्षर कोंबडी चिखलातून गेल्यासारखं आहे. पण ही वही कुणी वाचणार नाही.

तर काळजी अशी. आज सकाळी गवतावर लाकडी गोळे घरंगळवतात त्या बोलिंग क्लबचे सेक्रेटरी ओल्डरॉइड साहेब माझ्या खोपटावर आले. बँकेत मॅनेजर होते, अजून तसेच चालतात. म्हणाले, "गारसाइड, काल मैदानावर सशाच्या अकरा लेंड्या मिळाल्या." आणि खिशातून पाकीट काढून दाखवल्या. पाकिटावर तारीख घातली होती.

हे खोपटं मैदानामागच्या मातीच्या बांधाला टेकून आहे. एकतीस वर्षं ते माझ्याकडे आहे. क्लबच्या कागदावर लिहिलंय की जो माणूस कामाचा कुत्रा आणि कामाचं फेरेट बाळगून ससे आणि उंदीर दूर ठेवील, त्यानं ते वापरावं. ओल्डरॉइड म्हणाले, दोन मेला मैदान उघडणार. त्या दिवशी कमिटी सगळ्यांसमोर तपासणी करणार. गवतावर एक जरी लेंडी दिसली, किंवा फेरेट आणि कुत्रा कामाचे आहेत असं दाखवता आलं नाही, तर खोपटं पाडून तिथं गवत कापायच्या यंत्राला पत्र्याची शेड. सशांसाठी शहरातून बिळांत विषारी गॅस सोडणारे बोलावणार.

खोपटं गेलं तर प्रुडन्स गेली. प्रुडन्स म्हणजे माझी पांढरी फेरेट, हातभर लांब, ओल्या मोज्यासारखी कुठल्याही बिळात शिरते आणि आतल्या सशांना बाहेर पळवते. मी राहतो ती बैठी घरं म्हाताऱ्यांसाठी कौन्सिलनं बांधलेली. तिथं नियम आहे, माणशी एक जनावर, आणि त्याला वास येता कामा नये. ते एक जनावर म्हणजे माझा टेरियर कुत्रा मस्टर्ड. वास त्यालाही येतो, पण आमच्या वॉर्डनबाईंना बारा महिने सर्दी असते.

लिहून झालं. डोक्यातून काही गेलं नाही.

१२ मार्च, गुरुवार

प्रुडन्स माजावर आली. फेरेटच्या मादीचं हे मोठं संकट असतं. नर मिळाला नाही तर माज उतरतच नाही, उन्हाळाभर झुरते आणि मरते. आणि नर मिळाला तर आठ पिलं. ती ठेवू कुठं? यावर उपाय म्हणजे नसबंदी केलेला नर. माज उतरतो, पिलं होत नाहीत. आमच्या दरीत असा एकच आहे, अ‍ॅमस टॉर्डॉफचा बिशप. वसंतात त्याला श्वास घ्यायला फुरसत नसते.

अ‍ॅमस पोत्यात घालून घेऊन आला. त्याच्याकडे बिशपचा भाऊ मेजर पण आहे, त्याची नसबंदी केलेली नाही. दोघं हुबेहूब. लहानपणी भांडताना एकमेकांचे कान फाडले, तेवढीच खूण. बिशपच्या डाव्या कानाला खाच, मेजरच्या उजव्या.

मी विचारलं, "अ‍ॅमस, बिशपच आणलास ना?"

"मग काय मेजर आणीन? एवढा आंधळा झालो का मी, एनॉक?" असं म्हणून त्यानं ते जनावर नाकाला टेकवलं आणि बघितलं.

मी समोरून बघितलं, खाच डाव्या बाजूला. बिशपच. मग ते वळलं, तर खाच उजव्या बाजूला. मी बोटानं दाखवलं. अ‍ॅमस म्हणाला, "अरे, मागून सगळंच उलटं दिसतं." हे मला पटलं. तरी दुपारी आरशासमोर उभा राहून स्वतःच्या कानांवर हे करून बघितलं, तर आणखीच गोंधळ झाला.

संध्याकाळी शेजारच्या स्कोल्सबाई मांसाची पाई घेऊन आल्या. त्या क्लबात चहा करतात, पॅव्हेलियनची किल्ली त्यांच्याकडे असते. विधवा आहेत, हसऱ्या आहेत, म्हणूनच मी सावध असतो. त्यांनी विचारलं, "गारसाइड, चहात साखर किती घेता? गुडघे दुखतात का? एकट्याला घर मोठं नाही वाटत?" एवढी चौकशी कुणी उगाच करत नाही. ओल्डरॉइडनंच पाठवलेलं दिसतंय. म्हातारा खोपटं सांभाळायच्या लायकीचा आहे का, हे बघायला.

पाई सगळी खाल्ली. पुरावा ठेवला नाही.

२९ मार्च, रविवार

बांधावरच्या सगळ्या बिळांच्या तोंडांना जाळ्या लावल्या. तेवीस तोंडं. मस्टर्ड एकेका बिळाशी जाऊन हुंगतो. आत काही असेल तरच थांबतो आणि उजवा पाय उचलतो. रिकाम्या बिळापुढं त्यानं अकरा वर्षांत पाय उचललेला नाही. प्रुडन्सला आत सोडली. जमिनीत धाडधाड आवाज, आणि जाळ्यांतून ससे उडू लागले. नऊ मिळाले.

दोन स्कोल्सबाईंना नेऊन दिले, म्हणजे वर जाणारा अहवाल चांगला जाईल. त्या लाजल्यासारख्या झाल्या. म्हणाल्या, "माझ्यासाठी? स्वतः सोलून आणलेत?" मला वाटतं त्यांना ही लाच आहे हे कळलं.

४ एप्रिल, शनिवार

अ‍ॅमसच्या कोंबड्यांच्या खुराड्याखाली उंदीर झालेत. मी आणि मस्टर्ड गेलो. उंदीर मारायला जाताना पँटचे पाय घोट्याशी सुतळीनं बांधायचे असतात, हे आमच्याकडे पाळण्यातल्या पोराला माहीत असतं. अ‍ॅमसनंही बांधले. मी स्वतः बघितलं, दोन सुतळ्या घेऊन खाली वाकला होता.

फळ्या उचलल्या. मस्टर्ड गोळीसारखा सुटला. एक, दोन, पाच, नऊ. मान पकडायची, एक झटका, पुढचा. मी मोजत होतो, तेवढ्यात अ‍ॅमस नाचायला लागला.

"आत आहे! आत गेला! एनॉक, वर चढतोय!"

"कुठपर्यंत आलाय?"

"कुठपर्यंत काय विचारतोस? कुत्र्याला सांग!"

"कुत्रा तिथं गेला तर तुझं काय राहील?"

त्यानं पँट सोडून दिली, तेव्हा उंदीर निघाला. मस्टर्डनं त्याला हवेतच घेतला. एकूण एकोणीस. नंतर बघितलं तर अ‍ॅमसनं दोन्ही सुतळ्या एकाच पायाला बांधल्या होत्या. मी म्हटलं, "डोळे दाखव डॉक्टरला." तर म्हणतो, "डोळ्यांना काय झालंय? सुतळी वाईट होती."

१६ एप्रिल, गुरुवार

प्रुडन्स फुगलीय. काळजी वाटते. आळसानं की आजारानं? मग आठवलं, नसबंदीवाल्या नरानंतर असं होतंच. त्याला खोटी गाभण म्हणतात. बेचाळीस दिवस पोट वाढवायचं, गवत गोळा करायचं, आणि मग एके दिवशी सगळं विसरून जायचं.

स्कोल्सबाई आल्याचा केक घेऊन आल्या होत्या. खोपटात डोकावून म्हणाल्या, "अगंबाई, ही तर पोटुशी आहे!"

मी हसलो. म्हटलं, "बाई, हे नाटक आहे. बिशप होता."

"बिशपचा तरी काय भरवसा?"

"चाळीस वर्षं फेरेट पाळतोय मी."

"मला तीन मुलं झाली," त्या म्हणाल्या. "पहिल्या वेळी मी अशीच बसायचे."

बायकांना जनावरातलं काही कळत नाही.

२१ एप्रिल, मंगळवार

प्रुडन्स बिळातून आली नाही.

खरं तर ईस्टरनंतर फेरेट सोडायचंच नसतं. बिळांत सशांची पिलं असतात. फेरेट ती खातं आणि तिथंच झोपतं. पण ओल्डरॉइड सकाळी आणखी एक पाकीट घेऊन आले. चार लेंड्या. "अकराच दिवस राहिलेत, गारसाइड." म्हणून मी सोडली. दहा वाजता आत गेली. बारा वाजले, दोन वाजले. जमिनीला कान लावला. चार वाजता खणायला लागलो. कमरेइतका खड्डा झाला. बीळ बांधातून मैदानाकडे, पॅव्हेलियनच्या दिशेनं जातंय. मी फावडं घेऊन निघालो तर गवताच्या कडेला ओल्डरॉइड हात पसरून उभे.

"इथून पुढं एक टोचाही नाही. हे गवत बावीस वर्षांचं आहे."

मी म्हटलं, "आत माझं जनावर आहे."

"मग त्याला बोलवा."

बिळाच्या तोंडाशी खोक्यात गवत आणि सशाचं काळीज ठेवून आलो. हरवलेली फेरेट भूक लागली की अशी परत येतात. बहुतेक वेळा.

२२ एप्रिल, बुधवार

खोकं रिकामं. काळीज मस्टर्डनं खाल्लं.

२४ एप्रिल, शुक्रवार

खोकं रिकामं. मला वाटतं ती गेली. बिळाची माती बसली असेल. ती माझ्या कोटाच्या खिशात झोपायची. आज खिशात हात घातला आणि तसाच ठेवून बसलो.

वर हा मस्टर्ड. सकाळी क्लबापुढून जाताना सरळ पॅव्हेलियनमध्ये घुसला, आतल्या कपाटापुढं उभा राहिला आणि उजवा पाय उचलला. ते कपाट क्लबचा झेंडा आणि टेबलक्लॉथ ठेवायचं. मी म्हटलं, "मूर्खा, कपाटात ससे असतात का?" हलेना. उचलून आणावा लागला. नाक गेलं त्याचं. अकरा वर्षांचा झाला. एका आठवड्यात फेरेटही गेली आणि कुत्राही.

दुपारी स्कोल्सबाई आल्या. धापा टाकत होत्या, बोटाला फडकं गुंडाळलेलं. म्हणाल्या, शिवताना सुई लागली. मग इकडचं तिकडचं न बोलता एकदम विचारलं, "गारसाइड, समजा हं, फेरेटला पिलं झाली, तर काय करायचं असतं?"

माझ्या जखमेवर मीठ. पण विचारलंच तर नीट सांगावं म्हणून सांगितलं. म्हटलं, "दहा दिवस डोकवायचं नाही. दार उघडायचं नाही, घरट्याला हात लावायचा नाही, तिथं गर्दी करायची नाही. बाळंतीण घाबरली की पिलं खाऊन टाकते. खायला द्यायचं ते खालच्या फटीतून आत सारायचं. अंड्याचा बलक उत्तम."

"दूध?"

"दुधानं जुलाब होतात."

"आणि मालकाला तरी सांगायचं ना?"

"मालकाला तर मुळीच नाही! सगळ्यात वाईट मालकच. त्याला राहवत नाही, तो उघडून बघतोच. माझ्या वडिलांनी अशी एका दिवसात सहा पिलं घालवली."

त्यांनी बोटावरचं फडकं सोडून पुन्हा गुंडाळलं. मग म्हणाल्या, "दहा दिवस म्हणजे आजपासून धरायचे ना?"

"ज्या दिवशी सापडली त्या दिवसापासून."

"येईल हो तुमची प्रुडन्स," त्या म्हणाल्या. "दहाएक दिवसांत येईल."

माणसाच्या दुःखाची अशी थट्टा करू नये.

२६ एप्रिल, रविवार

ओल्डरॉइडनी पाकीट आणलं नाही. विचारलं तर तुसडेपणानं म्हणाले, मैदानावर काही नाही. त्यांचं डोकं दुसरीकडे होतं. त्यांच्या घरामागच्या बागेतले सगळे ट्यूलिप रातोरात कुणीतरी बुडापासून कापून नेले म्हणे. त्यांना वाटतं शेजारच्या गावाच्या बोलिंग क्लबनं सूड उगवला.

मी बांधावर फिरून आलो. एकही ससा नाही. सगळे एकदम कुठं गेले, कळत नाही. आता फेरेट नाही आणि ससे पण नाहीत. मी या जगात करतो काय?

२८ एप्रिल, मंगळवार

अ‍ॅमसला नवा चष्मा आला. मी दुकानापाशी त्याला हाक मारली तर तो रस्ता ओलांडून पलीकडे गेला. मग वळून ओरडला, "एनॉक! तुझी फेरेट अजून नाही ना सापडली?"

"नाही!"

"देवा रे, सुटलो!" असं काहीतरी म्हणाला, आणि मग, "म्हणजे वाईट झालं!"

चाळीस वर्षांचा मित्र. माझ्या दुःखाकडे बघवत नसेल त्याला.

३० एप्रिल, गुरुवार

स्कोल्सबाईंची पाई. आज बोलणं कमी. घड्याळाकडे लक्ष. पिशवीत अंडी होती. दुकानदार म्हणाला की या आठवड्यात त्यांनी दीड डझन नेली. एकटी बाई एवढी अंडी खाते म्हणजे पोटात काही बिघाड असेल. विचारणार होतो, पण ते शोभलं नसतं.

जाताना म्हणाल्या, "परवा अंघोळ करून या हं. आणि काही झालं तरी घाबरू नका. आज सातवा आहे."

आज सातवा नाही, तीस तारीख आहे. वयानं होतं असं.

अ‍ॅमसनं तपासणीपुरता बिशप द्यायचं कबूल केलं होतं. आज निरोप आला की बिशपला सर्दी झाली. मी म्हटलं, मग मेजर दे. निरोप आला की मेजरलाही झाली.

१ मे, शुक्रवार

खोपटं झाडून घेतलं. प्रुडन्सचं भांडं धुतलं आणि खिळ्याला टांगलं. एकतीस वर्षांत असं स्वच्छ कधी नव्हतं. पाडायच्या आधी कशाला झाडलं, कळत नाही. मस्टर्ड मदतीला नव्हता. पॅव्हेलियनच्या दारात बसून होता, पाय उचलून. पायाला गोळा आला तरी हलेना.

२ मे, शनिवार

सगळं नीट, झालं तसं लिहितो.

अंघोळ करून, कॉलर लावून गेलो. अख्खं गाव आलं होतं. ओल्डरॉइड पांढऱ्या टोपीत. आधी झेंडा. क्लबचा झेंडा हिरवा, मध्ये पिवळा गोळा. यावर्षी वर चढला तो हिरवाच, पण त्यावर मोठी गुलाबी फुलं होती. मला वाटलं नवीन केला असेल. स्कोल्सबाईंच्या पुढच्या खोलीतल्या पडद्यासारखा दिसत होता. लोक टोप्या काढून उभे राहिले.

मग तपासणी. कमिटी गवतावर ओणवी होऊन चालली. लेंडी नाही, उकीर नाही, काही नाही. ओल्डरॉइड तर अक्षरशः गुडघ्यांवर होते. मला वाटलं झालं. पण ते उठले आणि खिशातून कागद काढला.

"ससे नाहीत, मान्य. आता दुसरं. कामाचं फेरेट?"

मी म्हटलं, "नाही. गेली ती."

"कामाचा कुत्रा?"

सगळे पॅव्हेलियनकडे बघायला लागले. मस्टर्ड कपाटापुढं उभा, एक पाय वर, थरथरत. ओल्डरॉइड हसले. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "आठवडाभर हा कुत्रा लाकडी कपाटाची शिकार करतोय. याला कामाचा म्हणायचं?"

लोक हसले. आठ दिवस मीच त्याला मूर्ख म्हणत होतो. पण दुसऱ्यानं म्हटलं तेव्हा माझं डोकं फिरलं. मी ओरडलो, "रिकाम्या बिळापुढं मस्टर्डनं जन्मात पाय उचललेला नाही! त्या कपाटात जिवंत जनावर आहे, आत्ता उघडून दाखवतो!"

तरातरा गेलो, तर कपाटापुढं स्कोल्सबाई. हातात चहाची किटली, दोन्ही कोपर बाहेर काढलेले.

"उद्या," त्या म्हणाल्या.

"बाजूला व्हा, बाई."

"नाही होणार. आज नववा दिवस आहे."

"कसला नववा?"

"तुम्हीच सांगितलंत ना! दार उघडायचं नाही. हात लावायचा नाही. मालकाला तर मुळीच सांगायचं नाही, त्याला राहवत नाही!" त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "मी झेंडा इस्त्रीला काढायला गेले तर ती झेंड्यावरच. खालची फळी कुजलीय, तिथून वर आली. नऊ दिवस सांगितलं नाही मी तुम्हाला. तुम्ही तिचं भांडं धुवून टांगलंत तेव्हासुद्धा नाही!"

मला लगेच कळलं नाही. मग आतून आवाज आला, बारीक, शिळ्या पावावर सुरी घासावी तसा. पिलांचा. खूप पिलांचा.

मी तिथंच कपाटाला पाठ लावून खाली बसलो. मस्टर्डनं पाय खाली ठेवला आणि माझा कान चाटला.

ओल्डरॉइड म्हणाले, "फेरेट आत आहे असं म्हणता? मग दाखवा. दार उघडा."

"उद्या," मी म्हणालो.

"तपासणी आज आहे. आज दाखवलं नाही तर सोमवारी खोपटं पाडणार."

मी हात मागं करून दार धरलं. एक कडी होती, मधे. ती सरकवली असती तर खोपटं राहिलं असतं. वडिलांची सहा पिलं आठवली. त्या दिवशी त्यांनी जेवण घेतलं नव्हतं. मी म्हटलं, "पाडा. आज दार उघडणार नाही."

स्कोल्सबाई किटलीसकट माझ्या शेजारी येऊन बसल्या. त्यांचा खांदा माझ्या खांद्याला लागला. जागा कमी होती म्हणून असेल.

ओल्डरॉइडना वेगळंच दिसलं. कपाटाच्या बाजूला खाली, हवा जायला मुठीएवढं भोक आहे. त्यातून हिरवं कापड डोकावत होतं. "हा तर क्लबचा झेंडा!" म्हणाले. "मग वर काय फडकतंय?" आणि आम्ही "नको" म्हणेपर्यंत पालथे पडून त्यांनी हात कोपरापर्यंत आत घातला.

बँकेत त्यांचा आवाज कधी चढला नसेल. आज पलीकडच्या टेकडीवरच्या मेंढ्या पळाल्या.

"काहीतरी आहे! बोट धरलंय! सोडत नाही!"

मी विचारलं, "पांढरं आहे का?"

"मला काय दिसतंय!"

"चावतंय कसं? नुसतं धरलंय, की चघळतंय?"

"चघळतंय!"

"प्रुडन्सच आहे," मी लोकांना सांगितलं. कुणीतरी टाळ्या वाजवल्या.

"गारसाइड, सोडवा मला!"

"हात ओढू नका, साहेब, झेंडा फाटेल आणि बोटही. गप्प पडून राहा. आता सांगा, आत फेरेट आहे की नाही?"

"आहे!"

"कामाचं?"

"आहे! आहे! फार कामाचं आहे!"

कमिटीच्या अध्यक्षबाईंनी ते तिथल्या तिथं नोंदवून घेतलं. मग मी भोकापाशी पालथा पडलो आणि जिभेनं टकटक केलं. मी तिला खायला देताना करतो तसं. स्कोल्सबाईंनी बशीत बलक घालून भोकाशी सारला. बशीवर नऊ दिवसांचे वाळलेले ओघळ होते. आत जरा विचार झाला. मग बोट सुटलं आणि चाटायचा आवाज आला.

पहिला गोळा ओल्डरॉइडनीच टाकला, डाव्या हातानं. गटारात गेला.

३ मे, रविवार

दहावा दिवस. फक्त आम्ही दोघं आणि मस्टर्ड. दार बोटभर उघडलं. प्रुडन्स झेंड्याच्या पिवळ्या गोळ्यात वेटोळं करून, पोटाशी सात पिलं, सात पांढऱ्या शेंगा. माझ्याकडे बघितलं आणि जांभई दिली. स्कोल्सबाईंनी रुमाल दिला. मी म्हटलं डोळ्यात धूळ गेली. त्या म्हणाल्या, त्यांच्याही गेली.

अ‍ॅमस दारात आला, चष्मा पुसत. म्हणाला, "एनॉक, त्या दिवशी बिशपला पोत्यात घालताना थोडा घोळ..."

मी त्याला बोलूच दिलं नाही. त्याच्याशी भांडण्यात अर्थ नाही, दोष त्याचा नाहीच. जनावरांच्या डॉक्टरानं बिशपची नसबंदीच नीट केलेली नाही. मी म्हटलं, "अ‍ॅमस, तुला फसवलंय." त्यानं थोडा विचार केला आणि म्हणाला, "असंच दिसतंय."

दरीत बिशप आणखी अकरा ठिकाणी जाऊन आलाय. मी सगळ्यांना सावध करायला हवं.

५ मे, मंगळवार

ओल्डरॉइड खोपटावर आले. बोट पांढऱ्या फडक्यात, मेणबत्तीएवढं. हातात पाकीट. मी घाबरलो.

"मैदानावरच्या नाहीत," ते हळू आवाजात म्हणाले. "माझ्या बागेतल्या. ट्यूलिपच्या वाफ्यात सत्तेचाळीस मिळाल्या. तुमच्या बांधातले सगळे ससे माझ्याकडे आलेत. खोपटं तुमचंच राहील, कागदावर लिहून देतो. पण फेरेट आणि कुत्रा घेऊन उद्या या."

मी म्हटलं, "साहेब, मादी बाळंतीण आहे. सहा आठवडे रजा."

"मग कुत्रा तरी?"

मस्टर्डनं पाकीट हुंगलं आणि पाय उचलला. मी म्हटलं, "तो येईल. नाक चांगलं आहे त्याचं."

डॉक्टरीणबाईंनी पट्टा बांधला. आकडा खाली आलाय. म्हणाल्या, वहीचा गुण. तसं नसेल, पण वही त्यांनी दिलीय म्हणून हो म्हटलं.

स्कोल्सबाई वाटेत भेटल्या. म्हणाल्या, "एनॉक, गुरुवारी पाई घेऊन येते. आणि या वेळी बसणार आहे हं."

मी म्हटलं, "खोपटं तर वाचलं. आता आणखी कसली तपासणी राहिलीय?"

त्या नुसत्या हसल्या आणि गेल्या. बहुतेक घराची असेल. उद्या फरशी पुसून घेतो, आणि गुरुवारी दाढी करतो. तयार असलेलं बरं.